पाटावर बसवलेला टॅप

मित्रांनो, हात लावायच्या आधी मला नीट पाहून घ्या. बोटाएवढा लांब, शिसपेन्सिलीहून बारीक, अंगभर स्क्रूसारखे आटे आणि त्या आट्यांना चिरत गेलेल्या तीन उभ्या चरी. मला टॅप म्हणतात. पाण्याचा नळ नव्हे बरं! लोखंडाच्या भोकात आतून आटे पाडायचे, बिघडलेले आटे पुन्हा वाटेवर आणायचे, हे माझं काम. आटे धड असले तरच स्क्रू बसतो. आता मी जुना झालो आहे, गंजलोही आहे, आणि खरं सांगू का, बसून बसून माझा जीव नकोसा झाला आहे. मला बसणं कधी जमलंच नाही. पण माझी सगळी गोष्ट आहे ती बसण्याचीच. काय करता!

माझा जन्म अमरावतीचा, राजापेठेतला. तिथं डोमाजी मिस्त्रींचं बंदुका दुरुस्त करायचं लहानसं दुकान होतं. पुढं दुकान, मागं घर. साहेब लोक देश सोडून गेले त्याला तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. साहेब गेले, त्यांच्या बंदुका इथं राहिल्या, बंदुकांतले स्क्रू राहिले, पण त्या स्क्रूंच्या आट्यांची औजारं मात्र साहेबांबरोबर गेली. बाजारात मिळणारा टॅप त्या भोकांत जाईना. त्यांचे आटे फार बारीक. शेवटी डोमाजींनी एक झिजलेली कानस घेतली, भट्टीत तापवून मऊ केली आणि तिच्यातून मला घडवलं. आटे कापले, चरी घासल्या, मग मला लालभडक करून सरकीच्या तेलात बुडवलं. अहाहा! ते तेल मी अजून विसरलो नाही. नंतर पुन्हा हलक्या आचेवर धरलं. अंगावर कडब्यासारखा पिवळसर रंग आला, तसं डोमाजींनी मला चटकन बाजूला घेतलं. त्या रंगाच्या अलीकडं मी ठिसूळ राहिलो असतो, पलीकडं गेलो असतो तर बोथट झालो असतो.

असा मी टणक झालो. पण मित्रांनो, टणक असण्याची एक गोम असते. खिळा वाकतो, तार वाकते. मला वाकता येत नाही. जास्त जोर लावला तर मी सरळ मोडतो, आणि मोडतो तोही भोकाच्या आत. मग माझ्याबरोबर ज्यात ते भोक असतं तो भागही गेला म्हणून समजा.

आणि माझा स्वभाव तर पहिल्यापासून उतावळा! भोकात शिरलो की वाटायचं, सुटावं भरधाव, गाठावा तळ. डोमाजी मला तसं कधी जाऊ देत नसत. अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं. पुन्हा अर्धा पुढं, पुन्हा पाव मागं. पुढं जाताना लोखंडाचा जो किस निघतो तो मागं येताना तुटतो, नाही तर चरीत अडकतो. हे मला कळत होतं हो, पण वळत नव्हतं. दर वेळी मागं फिरताना मी आतल्या आत कुरकुरायचो. डोमाजी हँडल फिरवता फिरवता माझ्याशी बोलत. म्हणत, "मांगं फिरत नाई तो आत मोडते, बाप्पा." मला ते मुळीच पटायचं नाही.

पण कामाचे दिवस होते, मजेचे होते. मूर्तिजापूरकडचे शेतकरी परवान्याच्या बंदुका घेऊन येत. रानडुकरं तुरीत शिरली आहेत, हिचा स्क्रू ढिला आहे, तेवढं पाहा म्हणत. कुणी बंदुकीच्या घोड्याचा लहानसा तुकडा आणी, कुणी खटक्याची पट्टी. सगळ्यांची तक्रार एकच, आटे गेले. का गेले, हे डोमाजी विचारत नसत, त्यांना ठाऊक असे. स्क्रू हरवला की माणूस सायकलवाल्याकडून कुठलाही स्क्रू आणतो आणि दामटतो. जुळत नसलेला स्क्रू दामटला की भोकात आपली तिरपी वाट पाडतो. मग मला बोलावणं! मी आत जायचो, जुनी वाट हुडकायचो, मोडलेले आटे उभे करायचो. गिऱ्हाईक आपल्या हातानं स्क्रू फिरवून बघे, तो अल्लद बसे, आणि माणूस हसे. डोमाजी मला पुसून, तेलाच्या चिंधीत गुंडाळून ठेवत. त्या चिंधीतसुद्धा मी उद्याच्या भोकाची वाट पाहत तळमळत असे.

वर्षातले दोन दिवस मात्र मला नको नको होत. खंडेनवमी आणि दसरा. खंडेनवमीला सकाळी माणिकबाई, म्हणजे डोमाजींच्या पत्नी, दुकान सारवून घेत. पाट मांडत, त्यावर लाल फडकं अंथरत. हातोडे, कानशी, छिन्न्या, वस्तू घट्ट धरून ठेवणारा हातशिकंजा आणि मी, सगळे ओळीनं पाटावर. हळद, कुंकू, झेंडूचं फूल. आणि मग दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोनं लुटून होईपर्यंत कुणी कशाला हात लावायचा नाही. औजारं बसली आहेत, असं म्हणायचे. आमच्या दुकानात हा नेम फार कडक होता. डोमाजींच्या थोरल्या भावानं एका खंडेनवमीला पाटावरची छिन्नी उचलली होती, आणि पहिल्याच घावाला कपचा उडून त्याच्या डोळ्यात गेला. तो डोळा परत आला नाही. तेव्हापासून डोमाजी त्या दोन दिवसांत सुईसुद्धा उचलत नसत.

चीनच्या लढाईला वर्ष होत आलं होतं, त्या सालची खंडेनवमी. दुपार कलली होती. मी कपाळावर कुंकू घेऊन पाटावर चुळबुळत होतो. तेवढ्यात दारात सायकल रिक्षा थांबली. आतून उतरले कमलाकांत वकील, हातात बंदुकीची लांब पेटी, आणि त्यांच्या मागं त्यांची मुलगी कुंदा. कुंदाला मी ओळखत होतो. वकिलांकडं पॉइंट टू-टूची, बारीक गोळीची हलकी रायफल होती. तिचं किरकोळ काम निघालं की बापाबरोबर लेक हटकून यायची, कारण वर्षभरापासून ती रायफल तीच चालवायची. क्लबात जाऊन कागदी निशाणावर नेम मारायची. बोलणं भरभर, चालणं भरभर, एका जागी उभी राहील तर शपथ. मला ती फार आवडायची. आपल्यातलीच वाटायची.

त्या दिवशी मात्र तिच्या तोंडाचं पाणी पळालं होतं. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या मुहूर्तावर, अकोल्याला नेमबाजीची स्पर्धा होती, आणि पहिल्यांदाच मुलींना तिच्यात उतरू देणार होते. वकिलांनी तिला बजावलं होतं की पहिल्या तिघींत आलीस तर बंदूक तुझ्या हातात राहील, नाही तर पेटीत जाईल आणि मग मी स्थळं पाहायला लागेन, तेव्हा रडायचं नाही. कुंदानं ते कबूल केलं होतं. आणि नेमकं त्याच सकाळी घरात शस्त्रपूजा झाली.

काय झालं ते ऐका. वकिलांची बहीण गोदाबाई, कुंदाची आत्या, फार सोवळ्याची. तिचं म्हणणं, शस्त्राला नुसतं कुंकू लावून भागत नाही, त्याला न्हाऊ घालायला हवं. कुंदानं हौसेनं रायफलीच्या मागच्या बाजूचा लहानसा पोलादी ठोकळा सोडवून दिला. ज्या खाचेतून नेम धरतात, ती खाच या ठोकळ्यावर बसते. ठोकळ्याचे दोन्ही स्क्रूही काढून दिले. आत्यानं सगळं चिंचेनं घासलं, पंचामृतानं न्हाऊ घातलं, लख्ख केलं. दोन स्क्रू दिसायला जुळे भाऊ, पण एकाचे आटे बारीक, दुसऱ्याचे जाड. ताम्हनात ते एकमेकांत मिसळले. कुंदानं घाईघाईनं जाड आट्यांचा स्क्रू बारीक आट्यांच्या भोकात घातला. जाईना, तसा तिनं जोर केला. अजून जाईना, अजून जोर केला. मग तो गेला, आणि आतले आटे चिरडून गेला. आता त्या भोकाचा खरा स्क्रूसुद्धा आत नुसता डुगडुगत होता. खाच हलत असेल तर नेम कसला लागणार?

वकिलांनी सगळं सांगितलं. डोमाजींनी ठोकळा उजेडाकडं धरून पाहिला आणि म्हणाले की होते दुरुस्त, वाट पुरती बुजली नाही. कुंदाचे डोळे चमकले. पण लगेच डोमाजींनी ठोकळा खाली ठेवला, पाटाकडं बोट केलं आणि सांगितलं की उद्या सोनं लुटल्यावर या.

"उद्या दुपारी मला अकोल्यात उभं राहायचंय, काका," कुंदा म्हणाली.

डोमाजींनी नकारार्थी मान हलवली. भावाच्या डोळ्याची गोष्ट त्यांनी वकिलांना सांगितली. वकील समजूतदार गृहस्थ, त्यांनी पुढं आग्रह केला नाही. पेटीची कडी लावायला लागले. कुंदा भिंतीला टेकून उभी राहिली. रडली नाही. फक्त म्हणाली, "चूक माझीच आहे. जात नव्हता तेव्हा थांबायला हवं होतं." हे ऐकून मला कसंतरीच झालं. मी तिच्या जागी असतो तर मीही दामटलाच असता! मला वाटलं, पाटावरून उडी मारावी आणि त्या भोकात शिरावं. पण टॅपला कुठले पाय?

आतल्या दारात माणिकबाई उभ्या होत्या. हाताला कणीक, ती तशीच. त्या हळूच म्हणाल्या, "त्या औजाराले उठवू नका ना. उठवा म्हनून कोन सांगून राहिलं तुमाले? त्या पोरीचा ठोकळा पाटावर ठेवा."

डोमाजी त्यांच्याकडं बघत राहिले. "म्हन्जे?"

"म्हन्जे औजार बसलंच राहीन. पाटाच्या भाईर गेलं तं उठलं म्हना. बसल्या जागी हात फिरवाले देव काहून नाई म्हनन?"

डोमाजींनी एकदा पाटाकडं पाहिलं, एकदा ठोकळ्याकडं. माझा जीव टांगणीला लागला होता. मग ते हातपाय धुऊन आले, पाटापुढं मांडी घालून बसले आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटले. त्यांच्या हाताला घाम आला होता, हे मला त्यांनी धरल्याबरोबर कळलं. घाबरले होते बिचारे. एका मुलीच्या नेमासाठी त्यांनी आपली भीती खाली बसवली होती, आणि हे त्या खोलीत कुणाला फारसं कळलं नाही.

आणखी एक अडचण होती. माझ्या चरी कुंकवानं भरल्या होत्या. कुंकू घेऊन आत शिरलो तर चरीत किसाला जागा राहिली नसती. आणि लावलेलं कुंकू पुसायचं कसं? माणिकबाईंनीच सरकीच्या तेलाची कुपी आणली. म्हणाल्या की मारुतीला तेल वाहतात, मग याला वाहायला काय हरकत आहे? आणि त्यांनी माझ्यावर तेलाची धार धरली. कुंकू तेलाबरोबर आपोआप वाहून लाल फडक्यात जिरलं. मित्रांनो, त्या धारेखाली मला माझा जन्म आठवला.

पाटावरच हातशिकंज्यात ठोकळा धरला गेला. मी भोकाच्या तोंडाशी उभा राहिलो. आत दोन वाटा होत्या. एक जुनी, खरी, चिरडलेली. दुसरी कुंदाच्या स्क्रूनं पाडलेली, तिरपी. मी चुकीच्या वाटेला लागलो असतो तर दोन्ही वाटा गेल्या असत्या. मला वाटलं, चला, घुसू या! पण डोमाजींनी मला उलटं फिरवायला सुरुवात केली. जाण्याआधीच मागं! मी मनात चरफडलो. उलटं, हळूहळू उलटं. आणि एकाएकी मला खाली बारीकसा धक्का बसला. टक्. माझा पहिला आटा जुन्या वाटेच्या सुरुवातीला आपसूक उतरला होता. डोमाजींच्या बोटांनाही ते कळलं. मग ते पुढं वळले. अर्धा पुढं, पाव मागं. माणिकबाई तेल सोडत होत्या. वकील चपला काढून उभे होते. कुंदा पाटापाशी येऊन बसली होती, आणि तिच्या मांडीवरचं बोट माझ्याबरोबर फिरत होतं, अर्धा पुढं, पाव मागं. एका जागी मी अडलो. डोमाजींनी जोर केला नाही. मागं आणलं, किस झटकला, पुन्हा गेले. त्या दिवशी मला मागं फिरण्याचा राग आला नाही. पहिल्यांदाच.

तळ लागला. डोमाजींनी मला बाहेर काढून परत माझ्या जागेवर ठेवलं. कुंदानं बारीक आट्यांचा स्क्रू दोन बोटांत धरून फिरवला. तो बसला. डुगडुगणं गेलं. तिनं पाटाला डोकं टेकवलं, तेव्हा तिच्या कपाळाला माझं तेल लागलं.

दुसऱ्या दिवशी ती पहाटेच्या गाडीनं वडिलांबरोबर अकोल्याला गेली. मी पाटावर बसून होतो. काय झालं असेल, काय झालं असेल, दिवसभर माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. एकादशीच्या सकाळी रिक्षा थांबली आणि ती धावत आत आली. दुसरी आली होती! बंदूक तिच्या हातात राहणार होती. तिनं डोमाजींना सोनं दिलं, माणिकबाईंना दिलं, आणि आपट्याचं एक पान माझ्यावर ठेवलं.

इथं माझी गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं! पण खरी कथा पुढंच आहे. राजापेठेत ही बातमी पसरली. वकिलांच्या पोरीला टॅप पावला, म्हणू लागले लोक. दुकानात येणारा माणूस मला हात जोडायला लागला. डोमाजींनाही वाटायला लागलं की पाटावर बसून काम केलेलं औजार आता साधं राहिलं नाही, ते हातून मोडलं तर पाप लागेल. त्यांनी दुसऱ्या कानशीतून दुसरा टॅप घडवला. आणि मला नेऊन ठेवलं घरातल्या देव्हाऱ्यात, बाळकृष्णाच्या शेजारी.

झालं! मी देव झालो. रोज सकाळी माणिकबाई मला पळीभर पाणी घालायच्या, हळदकुंकू लावायच्या, फूल वाहायच्या. खंड नाही. ताप असला तरी खंड नाही. आणि भिंतीपलीकडून मला दिवसभर त्या नव्या टॅपचा आवाज यायचा. अर्धा पुढं, पाव मागं. अरे, तिथं घाई करतो आहेस, थांब, मागं ये, असं मी इथून ओरडायचो. कोण ऐकतं? पाणी माझ्या चरींत साचायचं. त्यावर कुंकू बसायचं. कुंकवाखाली गंज धरायला लागला. आधी खाज सुटली, मग अंग जड झालं, मग आट्यांची धार कुठं संपते आणि गंज कुठं सुरू होतो ते मलाच कळेना. वरून बघणाऱ्याला मी लालबुंद, तेजस्वी दिसायचो.

वर्षं गेली. डोमाजी वारले. जाण्याच्या आदल्या महिन्यात तो दुसरा टॅप एका भोकात मोडला होता. माणिकबाईंनी दुकान बंद केलं, औजारं ज्याला हवी त्याला देऊन टाकली. राहिलो मी एकटा, कारण देव कुणी देऊन टाकत नाही.

आणि एका दुपारी कुंदा आली. आता ती अकोल्याला शिक्षिका होती आणि क्लबातल्या मुलींना नेमबाजी शिकवायची. तिनं रुमालातून एक लहानसा ठोकळा काढला. तसाच ठोकळा, तसेच आटे, तशीच कुणातरी मुलीची घाई! चार दिवसांवर स्पर्धा आली होती, आणि मुलींकडं ही एकच बंदूक. ती म्हणाली, "टॅप तेवढा द्या, काकू. काकांचं बघून फिरवायला शिकलेय मी." मित्रांनो, माझा आनंद काय सांगू! मी होतो, भोक होतं, आणि ज्या बोटानं माझ्याबरोबर फेरे धरले होते ते बोट होतं. माणिकबाईंनी मला नमस्कार करून तिच्या तळहातावर ठेवलं.

कुंदानं मला उजेडाकडं धरलं. पदरानं कुंकू पुसलं. मग नख माझ्या आट्यांवरून फिरवलं. नखाबरोबर एक आटा पापुद्र्यासारखा निघून आला. मी आत गेलो तर आतच मोडेन, हे तिला कळलं. मलाही कळलं.

"काकू, याला तेल नाही लावलं कधी?"

माणिकबाई गोंधळल्या. "तेल? मी तं पानी घालत होती, बाई. रोज. एक दिवस नाई चुकू देल्ला."

कुंदानं माणिकबाईंचा हात धरला आणि थोडा वेळ धरूनच ठेवला. मग ठोकळा रुमालात परत गुंडाळला. जाताना तिनं तेलाची कुपी मागून घेतली, मला चिंधीनं पुसलं, तेल लावलं आणि देव्हाऱ्यात ठेवलं. त्या वर्षी तिच्या मुली स्पर्धेत उतरल्या नाहीत, असं पुढं कानावर आलं.

तेव्हापासून माणिकबाई मला पाणी घालत नाहीत. रोज सकाळी चिंधीवर तेलाचा थेंब घेतात आणि मला पुसतात. पुसता पुसता त्यांची बोटं आपसूक फिरतात. इतकी वर्षं नवऱ्याचे हात पाहिलेले ना! अर्धा पुढं, पाव मागं. नुसत्या हवेत. मी त्यांच्या बोटांत फिरतो, आणि आता मागं फिरायची वेळ आली की मला तिथं थोडं थांबावंसं वाटतं.

मित्रांनो, माझा कुणावर राग नाही. ज्यांनी मला गंजवलं त्यांचं माझ्यावर फार प्रेम होतं. पण तुमच्या घरी खंडेनवमीला पाट मांडला जाईल, तेव्हा एवढं करा. आम्हाला कुंकू लावायच्या आधी तेलाचा हात फिरवा. फुलं वाहा, आरती करा, आम्ही बसू गुपचूप. आणि दसरा झाला की आम्हाला उठवा.